उंदरांचं पुढे काय झालं

विनीतच्या मोठ्या आतड्याला सूज होती, शौचातून रक्त जायचं. वरंध गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्याची सोयरीक मोडली तेव्हा मुलीकडच्यांनी कारण एसटीत सांगितलं होतं.

धाकटी बहीण अपेक्षा महाडला फार्मसी शिकत होती. तिने एकदा जेवताना मोबाइलवरून वाचून दाखवलं, की वनस्पतींतल्या फ्लेव्होनॉइड नावाच्या द्रव्यांनी आतड्याची सूज उतरते. उंदरांची उतरली होती. घराने ऐकलं ते असं, की येसाजीआबांच्या काढ्याला शास्त्राची मान्यता मिळाली.

येसाजीआबा चुलत आजोबा, पिढीजात झाडपाला देणारे. काढा चालू असताना दुसरं औषध घ्यायचं नाही, आणि पाल्याचं नाव विचारायचं नाही. नाव फुटलं की गुण गेला. ते बापाने मुलाला मरतानाच सांगायचं.

विनीतने काढा सुरू केला आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या.

"दादा, माणसांवर अजून नीट बघितलं नाय कुणी."

"मग माझ्यावर बघू. उंदरांना गोळ्या होत्या काय गो?"

"नव्हत्या."

"झालं तर."

उंदीर घरातलेच झाले. आई वाढताना विचारायची, त्यांना तिखट चालत होतं काय.

दिवाळीच्या आधी विनीतचं आतडं फुटलं. महाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई अपेक्षाला म्हणाल्या, "पोट उघडावं लागेल. काही पाल्यांनी रक्त गोठत नाही. काढ्यात काय होतं, ते आत्ता कळायला हवं."

आबा बाहेर बाकावर पिशवी कवटाळून बसले होते.

"आबा, नाव सांगा."

"गुण जाईल, पोरी."

"गुण आत स्ट्रेचरवर पडलाय."

आबांनी आजूबाजूला पाहिलं. बाकाच्या टोकाला एक माणूस डोळे मिटून सलाईनची बाटली धरून बसला होता, तरी आवाज खाली आणला.

"माझा बापूस वीर टेशनात गेला. गाडी थांबली म्हनून पानी भरायला उतरला नि नळावर बसला तो उठलाच नाय. मी डब्यात, सामान राखत. नाव सांगायचा राहिला."

"मग आजपर्यंत काय देत होतात?"

"पान तसंच दिसतं ते. नाय गावलं तर त्याच्या बाजूचं."

"पिशवीत हाय काय ते?"

आबांनी पिशवी उघडली. आत टॉवेल आणि विनीतसाठी आणलेली केळी होती.

अपेक्षाने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की नाव कुणालाच माहीत नाही. त्यांनी रक्ताच्या आणखी पिशव्या मागवायला सांगितल्या.

स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी थांबलं. विनीतचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला होता.

"अपे, त्या उंदरांचं पुढे काय झालं गो?"

तिने ते नंतर शेवटपर्यंत वाचलं होतं. सूज उतरली की नाही ते बघायला सगळ्यांना मारून त्यांची आतडी काढली होती. जेवताना ती तिथवर पोचलीच नव्हती, मधेच आईने आमटी वाढली होती.

"बरे झाले, दादा."

"बघ," विनीत म्हणाला, आणि त्याला आत नेलं.