ट्रामला टांगलेली छागल

मी छागल बोलून राह्यले. छागल म्हंजे पाण्याची जाड कापडी पिशवी. वर बुचाचं तोंड, दोन्ही कानांत दोरी. घरोघरी फ्रिज यायच्या आधी उन्हाळ्यात मला भरायचं, वाऱ्यावर टांगायचं आणि गार पाणी प्यायचं. कापडात पाणी राहतं कसं, असं तुम्ही विचाराल. सुरुवातीला राहतच न्हाई. आधी मी चांगली गळते, मंग सूत भिजून फुगलं की धरते. नव्या माणसाला वाटतं, ही गळकीच. वाटू द्या.

१९८१ साली जालन्याच्या सदर बाजारात ताडपत्र्या शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला शिवलं. तळाला दुहेरी शिवण घातली. ती ध्यानात ठेवा.

मला घेतलं जगन्नाथरावांनी. अंबडच्या कोर्टात कारकून. अंबडला कोर्ट आहे, बाजार आहे, एसटी आहे, पण रेल्वे न्हाई. आणि ह्या माणसाला वेड नेमकं रेल्वेचं. दर रविवारी एसटीनं जालन्याला जायचं, फलाटाच्या टोकाला बसायचं, गाडी आली की इंजिनाचा नंबर वहीत उतरवायचा. गाडीत बसायचं न्हाई, कुणाला सोडायचं न्हाई, कुणाला आणायचं न्हाई. संध्याकाळी परत एसटी. मला वाटायचं, पाहुणे यायचे असतील, दर रविवारी गाडी चुकत असेल बिचाऱ्यांची. वर्षभर मी त्या पाहुण्यांची वाट पाह्यली.

त्यांच्या बायकोचं, नीलाबाईचं माहेर परतूरचं. ती शेजारणीला सांगायची, "मला कुठं पसंत केलं ह्यांनी? आमच्या गच्चीवरनं स्टेशन दिसतं, ते पसंत केलं."

"सिग्नल बी दिसतो," जगन्नाथराव आतून म्हणायचे.

सत्याऐंशी साली त्यांना सरकारी प्रवासाची सवलत मिळाली. हाफिसातले लोक तिरुपतीला गेले, ह्यांनी कलकत्ता धरलं. तिथं म्हणे रस्त्यावरून रेल्वे चालते, तिला ट्राम म्हणतात. नीलाबाई म्हणाली, "रस्त्यावरून मला पायी चालता येतं. तुम्ही या जाऊन."

निघायच्या आधी आम्ही पिंपळगाव रेणुकाईला गेल्तो. तिथं त्यांची माय राहायची, सगुणाबाई. जन्मात रेल्वेत बसली न्हाई. तिनं मला हातात घेऊन उलटीपालटी केली.

"चामड्याची न्हाई ना रे ही?"

"न्हाई माय, कापडाची."

"मंग चालती. जगन, एवढा लांब चाललास तर येताना गंगा आण. मला काही काशी घडली न्हाई. मरताना तोंडात दोन थेंब पडू दे."

"रेणुकाईची आण, आणतो."

माझ्या पोटावर हात ठेवून आण घेतली, म्हणून मला बराबर आठवतं.

मनमाडला गाडी बदलली आणि खिडकीच्या गजाला लटकत मी निम्मा हिंदुस्थान पाह्यला. हावडा स्टेशनातनं बाहेर पडलो तर समोरच गंगा. मी दोरी सावरून तयार झाले. जगन्नाथरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "आत्ता भरली तर दिवसभर ओझं. येताना भरू." परतीची गाडी संध्याकाळचीच होती. म्हंजे हातात एक दिवस.

पुलावरून जाणारी ट्राम शेवटाला राखून पूल पायीच ओलांडला, आणि मंग ती ट्राम. खरं सांगते, मला अजून तिचा उलगडा झाला न्हाई. रुळावरून चालते म्हणून रेल्वे म्हणावं, तर धूर न्हाई, शिट्टी न्हाई. डायवर पायानं घंटी वाजवतो. एसटी म्हणावं, तर डोक्यावर दांडा, तो तारेला घासतो आणि ठिणग्या उडतात. समोर हातगाडी आली की थांबते. भाजीवाली आडवी गेली तरी थांबते. मी खिडकीला टांगलेली, वारा नावाला न्हाई, पोटातलं घोटभर पाणी गार व्हायचं सोडून कोमट झालं.

कंडक्टरनं विचारलं, "कहाँ जाना है?"

"जहाँ तक जाती है."

जिथवर गेली तिथवर गेलो. तिथं खाली उतरलो, नंबर लिहिला, आणि त्याच ट्रामनं परत आलो. मंग दुसरी. मंग तिसरी. दर वेळी डायवरच्या मागची पहिली जागा. ती रिकामी नसली तर जाऊ द्यायची गाडी, पुढची धरायची. मधे दोन तास एका पुलावर उभं राहून खालच्या आगगाड्या पाह्यल्या. मी विचार करून राह्यले, ह्यांचं काही हरवलंय का? चेहरा मात्र असा, की सगळं सापडल्यावानी.

दुपार कलली तेव्हा हावड्याकडं जाणारी ट्राम धरली. ही गंगेच्या पुलावरून जाणारी. सकाळपासून तिच्यासाठीच जीव टाकला होता, पहिली जागाही मिळाली. आणि ती अडकली. पुढं गाड्या, मागं गाड्या. जगन्नाथरावांनी घड्याळ पाह्यलं आणि चेहरा उतरला. पूल ओलांडला की सरळ स्टेशन गाठावं लागणार. घाटावर उतरायला वेळच न्हाई.

"गंगा राह्यली," ते मोठ्यानं बोलले. मोडक्या हिंदीत कंडक्टरला सांगितलं.

त्यानं रस्त्याच्या कडेला बोट केलं. तिथं जाड लोखंडी नळ होता, भळभळ गढूळ पाणी वाहत होतं, हमाल आंघोळ करून राह्यले होते. "ये भी गंगा का ही पानी है दादा. रास्ता धोने के लिए नदी से आता है."

तेवढ्यात ट्राम हलली. पुढचा रस्ता मोकळा झाल्ता. जगन्नाथरावांनी एकदा पुलाकडं पाह्यलं, एकदा माझ्याकडं. आणि मला उचलून चालत्या गाडीतनं उडी टाकली.

मला भरेपर्यंत ट्राम पुलावर गेली, पहिली जागा रिकामी घेऊन. आम्ही गर्दीतनं पळत निघालो. दिवसभरात मी वाळून कोरडी झालेली, त्यामुळं माझी नेहमीची गळायची सवय. पुलाच्या मधोमध दम घ्यायला ते कठड्याला टेकले, तेव्हा माझं पाणी टिपटिप खाली गंगेत पडत होतं. गंगा गंगेत पडत होती, का नळ गंगेत पडत होता, देव जाणे.

गाडी मिळाली. झोप मिळाली न्हाई. कंडक्टर खरं बोलला का नुसती समजूत घातली?

पिंपळगावात मावंदं झालं. यात्रेहून माणूस गंगा घेऊन आला की गावजेवण घालतात, ते मावंदं. वेशीपासून वाजंत्री लावून मला आणलं, गळ्यात झेंडूचा हार, पोटावर हळदीकुंकू. मी कधी एवढी लाजले न्हाई. चुलते कारभारीकाका तीर्थ घेऊन म्हणाले, "गंगेला लोखंडाचा वास येऊन राह्यला."

"लांबून आली ना," जगन्नाथराव पुटपुटले.

उरलेलं पाणी तांब्याच्या गडूत भरून, तोंडाला लाख लावून मायच्या देव्हाऱ्यात ठेवलं. सात वर्षं. गावी गेलो की देवाला हात जोडताना जगन्नाथराव त्या गडूकडं बघायचे न्हाईत.

चौऱ्याण्णव साली सगुणाबाई अंथरुणाला खिळली, तसे आम्ही सगळे गावी जाऊन राह्यलो. एका सकाळी म्हणाली, "जगन, फोड आता तो गडू."

जगन्नाथरावांनी गडू आणला आणि तसाच मांडीवर धरून बसले. "माय, ही गंगा आहे का न्हाई, मला ठावं न्हाई." आणि सगळं सांगितलं. ट्राम, पहिली जागा, कंडक्टर, नळ, हमाल. नीलाबाई दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

सगुणाबाईनं गडूवरनं हात फिरवला. मंग म्हणाली, "ती गाडी बिगर धुराची चालती?"

"व्हय."

"पुढच्या जागेवर बसलाल्ता तू?"

"व्हय माय."

"पुलावरून जाणार होती ती. अन् तू खाली उतरलास?"

जगन्नाथरावांनी मान हलवली.

"माझ्यासाठी गाडीतनं उतरलास." ती नीलाबाईकडं बघून हसली. "ऐकलंस का गं? ह्यो उतरला." मंग तोंड उघडून म्हणाली, "घाल. गंगाच हाय ती."

चौथ्या दिवशी गेली.

आता जगन्नाथराव रिटायर झाले. जालन्यात अरुंद रुळांच्या जागी मोठे रूळ आले, त्यांच्या हातात प्लॅस्टिकची बाटली आली. मी दारामागं खिळ्याला. चाळिशीतल्या बाईवानी पोट सुटलंय, हळदीचा डाग तेवढा राह्यलाय. आणि त्या दुहेरी शिवणीत चिमूटभर बारीक गाळ अडकलाय, कलकत्त्याचा. म्हंजे ते नदीचंच पाणी असेल, असं मला कधी वाटतं. मंग आठवतं, गाळ तर आमच्या बोअरच्या पाण्यातबी येतो.

ते राहू द्या. उन्हाळा आलाय, कुणीतरी मला एकदा भरा. आधी गळेन, पण लगेच फेकू नका. धरायला मला जरा वेळ लागतो.