भरतीची रेघ

अक्षया रांबाडे लांज्याहून रत्नागिरीला आर्किटेक्चर शिकायला आली, तेव्हा कुठल्या क्लबात शिरायचं तिच्या मनातही नव्हतं. कॉलेजात क्लब भरपूर होते. नाटकवाल्यांचा, फोटोवाल्यांचा, सायकलवाल्यांचा. पहिल्या वर्षाची मुलं आली की जिन्याखाली टेबलं मांडून सगळे त्यांना हाका मारायचे. कोपऱ्यातल्या एका टेबलावर मात्र नुसती मोजायची टेप आणि एक वही होती. तिथे बसलेला संदेश तिच्याहून एक वर्ष पुढचा.

"या टेबलाची उंची किती असेल? न मोजता सांग," तो म्हणाला.

"पाऊण मीटरला दोन बोटं कमी."

त्याने टेप लावली. तेवढीच भरली. अक्षयाचे वडील लांज्याच्या बाजारात शिंपीकाम करायचे, नजरेनं माप घ्यायची सवय घरातलीच. संदेशने काही न विचारता वहीत तिचं नाव लिहून टाकलं.

त्या क्लबचं नाव मोजपट्टी. दर रविवारी एसटीने कुठेतरी जायचं, कोणीतरी हातानं उभारलेली एखादी गोष्ट मोजायची आणि तिची कागदावर रेखाटनं करायची. कधी वहाळावरचा साकव, कधी बंद पडलेला कौलांचा कारखाना. अक्षयाला त्याचं वेडच लागलं. चौथ्या वर्षी ती क्लबची अध्यक्ष झाली, पाचव्या वर्षातला संदेश सचिव. त्यांच्यात आणखीही काही होतं, पण दोघांनी ते बोलून दाखवलं नव्हतं. मोजताना टेपचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं हिच्या, एवढ्यावर सगळं भागत होतं.

त्या वर्षी विद्यार्थी मंडळाने नवा नियम काढला. ज्या क्लबात पंधरापेक्षा कमी मुलं आणि दोन वर्षांत एकही बक्षीस नाही, तो बंद. मोजपट्टीत नऊच जणं होती आणि बक्षिसाच्या नावाने शून्य. त्यांची खोली नाटकवाल्यांना द्यायचं ठरतही आलं होतं.

त्याच सुमारास त्यांना आप्पा मेस्त सापडले. शहरापासून तासाभरावर, खाडीच्या काठी त्यांचा मांगर होता. चिऱ्याचे खांब, वर झावळ्या, समोरून सगळा उघडा. आत आप्पा लाकडी होड्या बांधायचे. सत्तरी उलटलेली. फायबरच्या होड्या आल्यापासून गिऱ्हाईक राहिलं नव्हतं, पण गावातल्या धाकूने हट्टाने लाकडाचीच सांगितली होती आणि तिच्या बरगड्या नुकत्या उभ्या राहिल्या होत्या. आप्पांकडे नकाशा नव्हता, माप लिहिलेलं नव्हतं. सगळं हातात.

क्लबची मुलं रविवारीच यायची, अक्षया मात्र दोन महिने कॉलेज सुटल्यावर जवळपास रोज जायची. सुरुवातीला आप्पा तिच्याशी बोलायचेही नाहीत. मग एक दिवस त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला, होडीच्या नाळेचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, रेखाटन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाय, हितं वाक जरा जास्ती हाय. लाकडाला इचार." तिने त्या लाकडावरून हात फिरवला. कागदावरचा वाक खरंच जास्ती होता. त्या दिवसापासून तिच्यासाठी चहाचा एक कप जादा येऊ लागला.

उधाणाचं पाणी कुठवर येतं, तेही त्यांनीच दाखवलं. "ह्या मदल्या खांबाच्या मुळापातूर. पूनवेला भिजतोय तो." अक्षयाने पौर्णिमेच्या भरतीला स्वतः खुंट्या ठोकल्या, टेप लावली आणि जागेच्या नकाशावर बारीक निळी रेघ ओढली. मांगराचा पुढचा अर्धा भाग त्या रेघेच्या खाडीकडच्या अंगाला येत होता.

"ह्ये कागद तुमच्या कोलेजात ऱ्हातील ना?" आप्पांनी विचारलं. "बाजूला हाटेल झालंय. त्यांचा डोला हाय ह्या जाग्यावर. उगाच कुनाच्या हाती नको."

"कॉलेजच्या बाहेर जाणार नाहीत, आप्पा. माझा शब्द."

तिने तो मनापासून दिला होता.

मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं पत्रक आलं. संदेश म्हणाला, "आपल्याकडे दुसरं काय आहे? हे पाठवलं नाही तर पुढच्या महिन्यात खोलीला कुलूप."

"मी त्यांना शब्द दिलाय."

"मग त्यांना विचार. मालकाची सही लागतेच."

ती फॉर्म घेऊन गेली. तो इंग्रजीत होता. आप्पा रंधा मारत होते. वाटेत एसटीत तिने सगळं कसं सांगायचं ते घोकून ठेवलं होतं, पण ते नाही म्हणाले तर, या विचाराने तिची जीभ आयत्या वेळी अडली.

"काय लिवलंय यात?"

"काही नाही आप्पा. कॉलेजच्या फायलीसाठी लागतं."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, भुसा झटकून हात लुंगीला पुसला आणि दोन ठिकाणी सह्या केल्या.

मोजपट्टीला पहिलं बक्षीस मिळालं. प्राचार्यांनी पेढे वाटले, पेपरात फोटो आला, शहरातल्या एका सभागृहात तीन दिवस रेखाटनं मांडली. क्लबात येण्यासाठी मुलं रांगेत उभी राहिली. अक्षया त्या तीन दिवसांत एकदाही सभागृहात गेली नाही. संदेशला वाटलं, ती लाजते आहे.

पंधरवड्याने धाकूचा फोन आला. "आप्पांना नोटीस आलीय. तुला बोलवलंय."

भरतीरेषेच्या आत विनापरवाना बांधकाम, एवढाच मजकूर. तक्रार बाजूच्या हॉटेलवाल्याची होती आणि तिला पुरावा म्हणून सभागृहातल्या नकाशाचा फोटो जोडलेला होता. निळी रेघ स्पष्ट दिसत होती. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, 'रेखाटन: अक्षया रांबाडे'.

"वाच गो," आप्पा म्हणाले. "माजा चष्मा फुटलाय."

तिने वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घालून टोपीखाली ठेवली आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी ती क्लबच्या मार्गदर्शक बेहेरे मॅडमना घेऊन नोटीस काढणाऱ्या कचेरीत गेली. तिथले साहेब बोलायला चांगले होते. "तुमचा नकाशा चुकलाय असं लिहून देता? मग आम्ही नव्यानं मोजणी करू."

संध्याकाळी क्लबची बैठक बसली. अक्षया म्हणाली, "मी लिहून देणार आहे."

"म्हणजे बक्षीस परत जाणार," संदेश म्हणाला. "नऊ जणांचं काम आहे ते, एकटीचं नाही. आणि रेघ चुकलेली नाही. तुलाही माहीत आहे."

"मी त्यांना फसवून सही घेतलीय, संदेश."

तो हळूच म्हणाला, "ते तू मला तेव्हा सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. सही मिळाली म्हणून उड्या मारल्यास."

तिने तिथेच राजीनामा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत पत्र दिलं, की भरतीची रेघ आपण अंदाजाने ओढली, ती चुकीची आहे. आयुष्यात इतकं नेमकं काम तिने आधी केलं नव्हतं, आणि तेच चुकलं असं लिहून तिने खाली सही केली.

कचेरीची माणसं यंत्र घेऊन पौर्णिमेला आली. अर्धं गाव जमलं होतं. पाणी त्याच खांबाच्या मुळाशी येऊन टेकलं. मोजणारा माणूस हातातल्या कागदाकडे आणि यंत्राकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी कौतुकाने म्हणाला, "पोरीची रेघ बोटभरही हललेली नाही. शिकलेली दिसतेय."

मांगर पाडायच्या आदल्या दिवशी अर्धवट होडी बाहेर काढायची होती. दोर बांधले, खाली ओंडके घातले, वीसेक माणसं लागली. अक्षया पुढे झाली आणि तिने दोराला हात घातला. धाकूने तो हात धरून बाजूला केला. रागाने नाही. "तू नको," एवढंच म्हणाला. ती माडाला टेकून बघत उभी राहिली. होडी धाकूच्या घरामागे नेऊन ठेवली. ती पुढे कोणी पुरी केली नाही.

आप्पा मुलीकडे, काशीकडे, गुहागरला राहायला गेले. दिवाळीच्या सुट्टीत अक्षया जयगडला फेरीबोटीत बसून पलीकडे उतरली आणि पत्ता विचारत त्यांच्या दारात पोचली. आप्पा पडवीत बसले होते. हात मांडीवर पालथे, नखांतला भुसा गेलेला. म्हाताऱ्याचे हात इतके स्वच्छ तिने कधी पाहिले नव्हते.

"जेवलीस?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, मी तुमच्याशी खोटं बोलले. तो फॉर्म फायलीसाठी नव्हता."

"म्हाईत हाय."

"कधी कळलं?"

"तवाच. तुजं तोंड सांगत व्हतं."

"मग सही का केलीत?"

आप्पा अंगणातल्या पोफळींकडे बघत राहिले. "दोन म्हयने येत व्हतीस. घरातली झालीवतीस. घरातल्या पोरीनं कागद फुडं केला, तर काय तिला खोटी पाडू?"

ती खाली वाकली, त्यांच्या पायांवर हात ठेवला. आप्पांनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि उठून आत गेले. ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

काशी तिला अंगणाच्या फाटकापर्यंत, बेड्यापर्यंत सोडायला आली. शांत बाई होती. "राग नका मानू," ती म्हणाली, "पण परत येऊ नका. त्या नोटिशीपासून ते नीट जेवत नव्हते. आत्ता कुठं जेवायला लागलेत."

अक्षयाने मान हलवली. वाडीतून स्टँडवर जायला पाऊण तास लागला. रत्नागिरीची गाडी उभीच होती. तिने मागची खिडकी धरली. मोबाइलवर संदेशचा मेसेज येऊन पडला होता: मोजपट्टीत आता चौतीस जणं झालीत, नव्या मुलांना टेप धरायला शिकवायला येशील का? तिने तो दोनदा वाचला. गाडी सुटली, बाजार मागे पडला, तरी तिला उत्तर लिहिता आलं नाही. शेजारच्या बाईने तिचा चेहरा बघून विचारलं, "कोण गेलं का गो तुझं?"

ती हो म्हणाली.