रुख्माची तोंडी परीक्षा

इंग्रजी शिकवायचं तर डोकं थंड ठेवावं लागतं, असं मला नोकरीच्या सुरुवातीला कोणीतरी सांगितलं होतं. ते माझ्याच्यानं कधी झालं नाही. आमगावजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवायचे आणि पोट्टे मला मागून मिरची मॅडम म्हणायचे. म्हणेनात का. माझ्या वर्गातून 'इज' आणि 'आर'ची खिचडी करत कोणी आठवीत गेलं नाही.

खरी खिचडी रांधायची रुख्मा. पोषण आहाराचं काम तिच्याकडे होतं. स्वतः सातवी पास, पुढं लग्न झालं आणि शाळा सुटली. नवरा दुसऱ्याच्या बांध्या करायचा, म्हणजे धानाची शेती ठेक्यानं. पोरगी रुचि आमच्याच शाळेत चौथीला. माणसं साधी, कोणाच्या अध्यातमध्यात नसणारी.

दोन हजार सात साली आमगावात एक नवी इंग्रजी शाळा निघाली. नर्सरीसाठी त्यांना सहायक शिक्षिका पाहिजे होती. अट एवढीच, की सातवीपर्यंतचं इंग्रजी वाचता आलं पाहिजे आणि समजलं पाहिजे. एक लेखी परीक्षा आणि एक तोंडी. ही बातमी मी शिक्षकांच्या खोलीत ऐकली आणि विसरून गेले. रुख्मा विसरली नाही. दुपारी हातातला झारा तसाच घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली.

"मॅडम, मले थे परीक्षा देवाची हाये."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हाव जी. चुलीसमोर लय दिवस उभी राहिली. आता फळ्यासमोर उभी राहून पाहातो."

हे ती इतक्या सरळ बोलली, की मला रागवायला जागाच राहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर व्हरांड्यात आमची उजळणी सुरू झाली.

वाचन तिचं बरं होतं. अडखळायची, पण अक्षर सोडायची नाही. व्याकरणात भूतकाळ कच्चा. 'गो'चं 'वेन्ट' का होतं, म्हणून तिनं मला विचारलं. मी म्हटलं, होतं म्हणून होतं, पाठ कर. तिनं केलं. धान निवडताना, भांडी घासताना ती क्रियापदं घोकायची आणि चौथीतली रुचि तिच्या चुका काढायची. परीक्षा द्यायची कशी, हे मात्र तिला अजिबात ठाऊक नव्हतं. ते मी बसून शिकवलं. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. येत नाही तिथं रडत बसायचं नाही, पुढं सरकायचं. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि पूर्ण वाक्यात.

तिची मोठी खोड वेगळीच होती. एका उताऱ्यात एक शेतकरी होता, रामू. रामूनं धान कधी कापला, असा प्रश्न. उताऱ्यात डिसेंबर. रुख्मानं लिहिलं नोव्हेंबर.

"काऊन? इथं काय लिहिलं आहे?"

"पण मॅडम, डिशेंबरपर्यंत धान उभा ठेवला त लोंब्या झडून जाते जी."

माझं डोकं फिरलं. "रामूच्या लोंब्या झडू दे, नाहीतर डुकरं खाऊ दे. तुला काय करायचं आहे? पुस्तकातला धान पुस्तकात आणि तुझ्या बांधीतला धान तुझ्या बांधीत. उत्तर देताना आपलं घर बाहेर ठेवायचं."

"पुस्तकातलं पुस्तकात," ती म्हणाली. मग जिथं चुकेल तिथं स्वतःशीच तेवढं पुटपुटायची.

आणखी एक गोष्ट माझ्या कानावर पडत होती. सकाळी प्रार्थनेत पोरं 'ईश्वरा' म्हणत, तेव्हा चुलीपाशी उभी राहून रुख्माही म्हणायची, पण त्या जागी 'देवा'. मला वाटलं, हिला चुकीचं पाठ झालं आहे. खिचडीवालीची प्रार्थना तपासायचं काम मला कोणी दिलं नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

लेखी परीक्षेत ती चांगल्या मार्कांनी पास झाली. तोंडीला तिच्यासोबत दुसरी एकच बाई उरली होती, गोंदियाची, बारावी झालेली. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं परीक्षक म्हणून मलाच बोलावलं. रुख्मा माझी विद्यार्थिनी आहे, हे मी आधीच सांगून टाकलं. अध्यक्ष चुन्नीलालजी म्हणाले, "चलता है मॅडम, पूरे तालुके में हर कोई किसी का विद्यार्थी है." गोंदियाच्या बाईनं फाडफाड वाचलं. पण उताऱ्यावरचे प्रश्न विचारले, तर तिला त्यातलं निम्मंही कळलं नव्हतं. मला मनातून बरं वाटलं.

मग रुख्मा आली. इस्त्रीचं लुगडं, डोक्यावर पदर. तिला सायकलवर बसवून आणणारा नवरा बाहेर, दाराजवळच्या बाकावर बसला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी तिच्या हातात छापलेला उतारा दिला. मोठ्यानं वाचा, म्हणाल्या.

रुख्मानं कागद दोन्ही हातांनी धरला. मग वाचायला लागली.

"... हॅज अ गोट. द गोट इज ब्लॅक. ... टेक्स द गोट टू द रिव्हर."

वाक्याच्या सुरुवातीला ती थांबायची, तिथला शब्द गाळायची आणि पुढं जायची. मी माझ्या हातातला कागद पाहिला. गाळलेल्या प्रत्येक जागी पोराचं नाव होतं, ईश्वर. एवढं सोपं नाव हिला येऊ नये? रागानं माझे कान तापले. तिला म्हटलं होतं येत नाही ते सोडून पुढं सरक, पण ते अवघड शब्दांसाठी, बाई. तिसऱ्यांदा ती थांबली, तेव्हा चुन्नीलालजी माझ्याकडे वाकून म्हणाले, "नाम तक नहीं पढ़ पा रही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या नवऱ्याचं नाव ईश्वरदास. अख्खं गाव त्याला ईश्वर म्हणतं. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. रुख्मा त्याला 'रुचिचे बाबा' म्हणायची. प्रार्थनेतला 'देवा'सुद्धा त्यातलाच.

मी सांगितलं. चुन्नीलालजी हसले, "संस्कार है, संस्कार है." मुख्याध्यापिका हसल्या नाहीत.

"घरी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "वर्गात लेकरं येतील. त्यात एखादा ईश्वर असला, तर त्याला काय टाळी वाजवून बोलवाल? ज्या बाईला हजेरी घेता येत नाही, तिला मी वर्ग देणार नाही."

मला त्या बाईचा संताप आला. पण ती चुकीचं काहीच बोलत नव्हती, आणि त्याचा आणखी संताप आला.

"पहिला प्रश्न," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "व्हॉट इज द बॉइज नेम?"

रुख्मा खाली पाहत राहिली. दार उघडंच होतं आणि बाहेर नवऱ्याच्या चपला दिसत होत्या. पुढं सरकायला दुसरी जागा नव्हती. नाव घेतलं तर नोकरी, नाही घेतलं तर उद्यापासून परत तीच चूल. मला वाटलं, संपलं. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पुस्तकातलं पुस्तकात, ना जी मॅडम?"

परीक्षकानं मान हलवू नये. मी हलवली.

रुख्मानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पूर्ण वाक्यात, मी शिकवलं तसं, मोठ्यानं म्हणाली, "द बॉइज नेम इज ईश्वर."

"हाव," बाहेरून आवाज आला.

तो उठून दारात येऊन उभा राहिला होता, हातात टोपी घेऊन. रुख्मानं तोंडावर पदर ओढला. मुख्याध्यापिकांनी मान खाली घालून मार्क लिहिले आणि दुसरा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर रुख्मानं पदराआडूनच दिलं, तेही बरोबर.

नोकरी तिला मिळाली. जूनपासून ती नर्सरीच्या फळ्यासमोर उभी राहायला लागली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी निघताना फाटकापाशी रुख्मा सायकलच्या कॅरिअरवर बसत होती आणि ईश्वरदास हँडल धरून उभा होता. मला राहवलं नाही. मी त्याला झापलंच. "काय हो, परीक्षा चालू असताना मध्ये कायले बोलले? तो पुस्तकातला पोरगा होता. तुम्हाला कोण बोलवत होतं?"

त्यानं एकदा मागं बायकोकडे पाहिलं.

"थे मले काय समजते जी, मॅडम," तो म्हणाला. "लगनापासून पयल्यांदा तिनं मले नावानं हाक मारली. हाव नाही म्हणू त काय करू?"