आगाऊ साक्ष

‘पहाटवाट’ हे मासिक लेखाचा एक पैसाही देत नाही. लेख छापला तर अंकाची एक प्रत पोस्टानं येते, आणि लेखाच्या डोक्यावर तिकिटाएवढा फोटो असतो. पण शेलूबाजारच्या ज्योत्स्नाबाईंचा, म्हणजे निवृत्त नर्सबाईंचा, हिशेब वेगळा होता. हा अंक वाशीमच्या नणंदेकडे जातो आणि तिच्या टीव्हीखाली महिनाभर दिसेल असा मांडून ठेवलेला असतो. फोटो छापून आला, की नणंदेला तो रोज पाहावा लागणार. एवढ्या नफ्यासाठी कुणीही पेन उचललं असतं.

तीन लेख आधीच परत आले होते. एक प्रार्थनेवर, एक सहनशीलतेवर, आणि एक ‘पवित्र शास्त्र आणि रक्तदाब’. तिसऱ्याबरोबर संपादकांची चिठ्ठी आली: उपदेश भरपूर झाला, आता अनुभव पाठवा, नाताळ अंकात ‘साक्ष’ या सदरात जागा आहे.

साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते. बाईंनी आयुष्य चाळलं. तीस वर्षांत शेकडो बाळंतपणं केली होती, पण ती दुसऱ्यांची. स्वतःचं म्हणावं असं एकच निघालं: रूपाबाईंशी असलेलं भांडण.

रूपाबाई त्यांच्याच मंडळीतल्या. मंडळी म्हणजे चर्चची माणसं, सगळी मिळून अकरा घरं. चार वर्षांपूर्वी नाताळच्या उपासनेत, बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर, रूपाबाईंनी गीत मध्येच थांबवून, ते पुढे होऊन गाणाऱ्या बाईंना सांगितलं होतं की पट्टी जरा खाली घ्या, लोकांचा दम निघून राह्यला. तेव्हापासून अबोला. अकरा घरांत अबोला धरणं सोपं नाही. कोण कोणत्या बाकावर बसेल आणि कोण कोणत्या दारानं बाहेर पडेल, हे उरलेल्या नऊ घरांना सांभाळावं लागतं.

बाई लिहायला बसल्या आणि पेन धावलं. ‘मी तिच्या दारी गेले. मला पाहताच तिचा बांध फुटला. तिचे अश्रू पदरानं पुसून मी म्हणाले, जा, मी तुला क्षमा केली.’ यातलं दार तेवढं खरं होतं.

कागद गेले स्टँडजवळच्या शिखरचंदच्या टायपिंग सेंटरवर. शिखरचंद शिरपूरचा जैन. गिऱ्हाइकाचं टाइप करताना वाचायचं नाही, हा नियम तो सगळ्यांना सांगायचा आणि स्वतः पाळायचा नाही. रूपाबाई परवाच झेरॉक्स काढायला आल्या होत्या, तेव्हा तर यातलं काही बोलल्या नाहीत, असं तो सहज म्हणाला. बाईंनी त्याला हात चालवायला सांगितलं.

अडलं ते पाळकसाहेबांपाशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपाशी. साक्ष खरी आहे अशी पाळकांची सही असल्याशिवाय मासिक ती घेत नाही. साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, भाषेचं कौतुक केलं आणि हे कधी घडलं ते विचारलं.

“घडलं नाही अजून,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “पन घडनारच हाय ना. आधी पाठवलं तं काय बिघडते?”

“काही नाही. घडलं की या. पेन खिशातच आहे माझ्या.”

तो दिवस गुरुवार, आणि अंक शनिवारी बंद होणार होता. शुक्रवारी सकाळी लेख पर्समध्ये घालून बाई रूपाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

दार उघडलं. बांध काही फुटला नाही. रूपाबाईंचे हात कणकेनं भरलेले होते. त्यांनी नुसती बाजूला होऊन वाट दिली. बाईंना आपलं वाक्य तोंडपाठ होतं, पण ते रडणाऱ्या बाईसाठी लिहिलेलं. कणीक मळणाऱ्या बाईला ते कसं म्हणावं? शेवटी त्यांनी कागदच पुढे केला. रूपाबाईंनी हात पुसले आणि ओठ हलवत सगळं वाचलं.

“मी कवा रडली?”

“लेखात तसं लिहा लागते.”

“अन् क्षमा तुमी मले केली?” रूपाबाईंचा आवाज चढला नाही. “पट्टीचं म्या सगळ्यांसमोर म्हटलं, ते चुकलं माहं. पन माह्या पोरीच्या लग्नाले तुमी आल्या नाही. नाळ कापली होती तुमी तिची. मांडवात तीनदा इचारलं तिनं, सिस्टरबाई काहून नाही आल्या म्हनून. ते कोन्त्या पानावर हाय, ज्योत्स्नाताई?”

बाईंनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मासिकाला लेख एकाच बाजूला लिहिलेला लागतो.

लग्नाच्या दिवशी त्या घरीच होत्या. पत्रिका आली होती. नवी साडी नेसून, कुणी न्यायला येतं का म्हणून, दुपारपर्यंत खिडकीत बसल्या होत्या. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगून झालं. पुढचं वाक्य लेखात नव्हतं.

“माहं चुकलं, रूपा. मले माफ कर.”

आणि रडलं कोण, तर बाईच. पदरही स्वतःचाच वापरावा लागला. रूपाबाईंनी चहा ठेवला, मुलीला फोन लावून बाईंच्या हातात दिला, आणि नंतर लेखातली रडणारी रूपा मोठ्यानं वाचून दाखवली. दोघी इतक्या हसल्या की चहा उतू गेला.

दुपारी दोघी शिखरचंदकडे. रूपाबाई त्याच्या खुर्चीमागे उभं राहून कापत गेल्या. बांध गेला. अश्रू पक्ष बदलून बाईंकडे आले. ‘क्षमा केली’च्या जागी ‘क्षमा मागितली’ पडलं, तेव्हा नणंद वाचेल ना, अशी शंका बाईंनी एकदाच काढली. वाचू द्या, असं रूपाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. शिखरचंद म्हणाला की त्यांच्यात पर्युषण संपलं की सगळ्यांची क्षमा मागतात, तो मोबाईलवरून एकच मेसेज दोनशे जणांना धाडतो. हे काम तर बरंच जड दिसतं. मग फोटोसाठी त्यानं दोघींना दुकानासमोर उभं केलं.

पाळकसाहेबांनी खिशातलं पेन काढलं, आणि नाताळच्या आठवडाभर आधी अंक आला. साक्ष पान बावीसवर होती.

आता हिशेब, कुणी काय भरलं त्याचा. तिकिटाएवढ्या फोटोत दोन डोकी बसवायची म्हणून ज्योत्स्नाबाईंनी अर्धा फोटो दिला, आणि आपलं सगळ्यात देखणं वाक्य. रूपाबाईंनी चार वर्षं जपलेला राग दिला, आणि मुलगी-जावई सिस्टरबाईंना भेटायला आले तेव्हा एक कोंबडा. नऊ घरांनी काही दिलं नाही, ती सुटली. मासिकानं दिलेली एक प्रत मुलगी सासरी घेऊन गेली. रोख पैसे मोजले ते एकट्या शिखरचंदनं: इतकं जड काम दर महिन्याला कोण करतं ते बघायला त्यानं ‘पहाटवाट’ची वर्षाची वर्गणी भरली.