डावीकडून येणारा मार

मंगळवारच्या सरावात एफ्राईन लुहान तिसऱ्यांदा आडवा झाला, तेव्हा कोच डॉइल प्रुएट जागीच थबकला. शिट्टी ओठांतच होती, पण ती वाजवायचं भान त्याला राहिलं नाही. पोरगं पाठीवर पडलं होतं, दोन्ही हात पसरलेले, आणि वाऱ्याने मैदानावरची लाल धूळ त्याच्या अंगावरून सरकत होती. पाच-सहा श्वासांएवढा वेळ गेला असेल. मग एफ्राईन कुशीवर वळला, गुडघ्यावर बसला, उठला.

"काही नाही, सर. पाय घसरला."

पाय घसरला नव्हता. समोरच्या फळीतला एक दांडगा पोरगा डावीकडून धावत येऊन त्याच्या बरगड्यांवर आदळला होता. एफ्राईनने अंग चोरलं नव्हतं, हात आडवा घातला नव्हता, मानसुद्धा वळवली नव्हती. भर उन्हात, मोकळ्या मैदानात, शंभर किलोचं धूड अंगावर येताना कुणी असं उभं राहत नाही.

प्रुएट एकवीस वर्षं साल्ट फोर्कच्या हायस्कुलात अमेरिकन फुटबॉलचे लाइनबॅकर घडवत होता. पुढच्या फळीच्या मागे जे तिघं उभे राहतात आणि फळीतून निसटलेल्याची पकड करतात, ते तिघं त्याचे. वर्गात तो इतिहास शिकवायचा, पण गावात त्याचं नाव होतं ते नजरेसाठी. कुठला पोरगा कुठे उभा करायचा, हे प्रुएटला दोन दिवसांत कळतं, असं लोक म्हणायचे, आणि त्यालाही ते ऐकायला आवडायचं. उजवीकडे जरा जड अंगाचा, जो ढकलला जात नाही. डावीकडे चपळ, लांब टांगांचा. आणि मधे तो, ज्याला दोन्ही बाजूंचं एकदम कळतं.

एफ्राईनला त्याने दोन वर्षांपूर्वी डावीकडे ठेवलं आणि पोराने त्या जागेचं सोनं केलं. पण गेल्या शुक्रवारी मधे खेळणाऱ्या केसी बोलिंगचा घोटा मोडला. येत्या शुक्रवारी ब्राउन क्रीकच्या संघाशी गाठ होती. हरलं की मोसम संपला. एफ्राईन सगळ्यांत हुशार, म्हणून प्रुएटने त्याला मधे आणला.

"भेदरलंय ते," मुख्य कोच रॉय टिडवेल कुंपणाला टेकून म्हणाला. "कडेला उभं राहून वाघ होणं सोपं असतं, डॉइल. मधे आणलं की मांजर कोण ते कळतं."

भेदरलेली पोरं प्रुएटने पुष्कळ पाहिली होती. ती आधीच डोळे मिटतात, खांदे वर घेतात. हा तसला नव्हता. आणि तसला नव्हता म्हणूनच प्रुएटला धड जेवण गेलं नाही.

बुधवारी मधल्या सुट्टीत त्याने कोचांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सरावाची टेप लावली. एकदा पाहिली, मागे नेली, पुन्हा पाहिली. उजवीकडून कुणी आला की एफ्राईन वेळेआधीच हललेला असायचा. हात तयार, कंबर खाली. डावीकडून आला की खांबासारखा उभा. एकदाही फरक नाही. मग त्याने गेल्या मोसमाच्या टेपा काढल्या. डाव्या टोकाला उभा असलेला एफ्राईन, त्याच्या डाव्या हाताला फक्त चुन्याची रेषा आणि बाकांवरचे लोक. सगळा खेळ उजवीकडून त्याच्याकडे येत होता, आणि तो प्रत्येक वेळी तिथे हजर. दरवेळी डाव सुरू व्हायच्या आधी तो मान डावीकडे पार वळवून एकदा बघून घ्यायचा. प्रुएटने ते शंभर वेळा पाहिलं होतं. त्याला वाटलं होतं, सवय आहे.

त्याने टेप बंद केली आणि घंटा होईपर्यंत काळ्या पडद्याकडे बघत बसून राहिला.

गुरुवारी तास सुटल्यावर त्याने एफ्राईनला वर्गात थांबवून घेतलं. "बस. माझ्या नाकाकडे बघ आणि शुक्रवारचे डाव सांग. नजर हलवायची नाही."

एफ्राईन सांगू लागला. प्रुएटने खडूचा तुकडा त्याच्या डाव्या कानाजवळ धरला आणि हळूहळू पुढे आणला. डोळ्याच्या कडेपाशी आला, गालासमोर आला. पोरगं शांतपणे डाव सांगत होतं. खडू जवळजवळ नाकापर्यंत आला तेव्हा ते दचकून मागे सरलं आणि खुर्ची कलंडता कलंडता राहिली.

प्रुएटने खडू टेबलावर ठेवला.

"कधीपासून?" प्रुएटने विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीच्या थँक्सगिव्हिंगपासून, नोव्हेंबरच्या सुट्टीपासून. आधी कडेला काळा पडदा आल्यासारखं झालं. मग तो आत आत सरकला."

"मग ऑगस्टमध्ये डोळे तपासले तेव्हा?"

"रांगेत उभा राहून तक्ता पाठ केला, सर. पुढच्या मुलांनी मोठ्याने वाचलाच होता."

"आईला ठाऊक आहे?"

एफ्राईनने मान हलवली. नाही. मग तो घाईघाईने बोलू लागला, जणू आधीच तयार करून आणलेलं होतं. "सर, मला परत डावीकडे टाका. तिथे माझ्या डाव्या अंगाला कुणी येतच नाही. तिथे मला सगळं दिसतं. मधे राखीव हॅरिसला घ्या. फक्त उद्याची मॅच. कॉलेजचा माणूस येणार आहे खेळाडू निवडायला, तुम्हीच सांगितलंत."

प्रुएटला त्याक्षणी स्वतःचीच भीती वाटली, कारण पोराचं म्हणणं त्याला पटत होतं. डावीकडे हा खरंच बिनचूक होता. कुणालाही कळलं नसतं. त्यालाही दोन वर्षं कुठे कळलं होतं? उलट त्यानेच नेमकी अशी जागा शोधून दिली होती, जिथे आंधळेपणा झाकला जावा, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

"घरी जा," तो म्हणाला. "आज सराव नाही तुला."

टिडवेलला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ दाढी खाजवत राहिला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही घरावर गेल्या वर्षी मॅच हरल्यावर कुणीतरी अंडी मारली होती.

"एवढे दिवस खेळलाच ना तो तसा?" शेवटी तो म्हणाला. "डॉक्टर सोमवारीही असतात, डॉइल."

"आणि उद्या काही झालं तर?"

"काही होणार नाही. तूच तर म्हणतोस, डावीकडे त्याला हात लावणारा कुणी नाही."

"मी म्हणायचो," प्रुएट म्हणाला. "मला काय कळतं ते आता मलाच माहीत नाही."

"मग उद्याचं उत्तर गावाला तू दे."

तिथून तो थेट कापसाच्या जिनिंगवर गेला. एफ्राईनची आई, ग्रासिएला लुहान, तिथे वजनकाट्यावर बसायची. केसांत सरकी-कापसाचा भुगा, यंत्रांचा असा आवाज की ओरडूनच बोलावं लागे. अशी गोष्ट ओरडून कशी सांगायची हे त्याला कळेना, म्हणून त्याने तिला बाहेर, ट्रकांच्या रांगेपाशी आणलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "तो दूध ओतताना सांडायचा," ती म्हणाली. "मी ओरडायचे त्याला, लक्ष कुठे असतं म्हणून." मग तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "सर, तुम्ही रोज चार तास त्याच्याकडे बघत होता ना?"

"हो."

ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला. ती हातमोजे काढून आत गेली आणि सुट्टी मागून आली.

शुक्रवारी सकाळी ती मुलाला घेऊन लबक शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. दुपारी दोन वाजता शाळेच्या ऑफिसात फोन आला. डाव्या डोळ्याचा पडदा कधीचाच सुटला होता. आता उजेड-अंधार कळेल, त्यापुढे फारसं नाही. पण डॉक्टरांनी उजवाही तपासला, आणि त्या पडद्यालाही बारीक चीर पडलेली निघाली. एखादा जोराचा फटका बसला असता तर तोही गेला असता. त्याला तिथेच ठेवून घेतलं होतं.

फोन ठेवल्यावर प्रुएट ऑफिसातल्या बाकावर बसला. मंगळवारचे तीन फटके त्याच्या डोळ्यांसमोरून जाईनात. ते त्याच्याच शिट्टीवर बसले होते.

ब्राउन क्रीकने एकतीस गुण केले, साल्ट फोर्कने सहा. मधे हॅरिस डिकी उभा होता. बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "लुहान कुठाय, प्रुएट? जागा चुकली का त्याची?" लोक हसले. प्रुएटला ऐकू आलं, पण तो मैदानावरच्या प्रत्येक पोराच्या मानेकडे बघत होता. कोण कुठे वळून बघतो, कोण बघत नाही. पकड झाली, पोरं एकमेकांवर कोसळली, की ढिगाऱ्यातून सगळे उठेपर्यंत त्याचा श्वास अडकून राहायचा. त्या संध्याकाळी हे साठेक वेळा झालं असेल.

रविवारी तो लबकला गेला. एफ्राईनच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. ग्रासिएलाने खुर्ची पुढे केली, कॉफी आणते म्हणून ती बाहेर गेली.

"चिडलायस माझ्यावर?" प्रुएटने विचारलं.

"हो," एफ्राईन म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता कधीच खेळायचं नाही."

"मला माहीत आहे."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं.

"मधे हॅरिस होता?" पोराने विचारलं.

"हो."

"पुढच्या वर्षी त्याला तिथे ठेवू नका. तो घाबरतो. मधे असला की दात वाजतात त्याचे, मी ऐकलेत."

"मला कधी बोलला नाही."

"कोण बोलेल, सर?"

प्रुएटने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आणि तू? मधे तुला भीती वाटायची?"

एफ्राईनने पट्ट्या बांधलेला चेहरा आवाजाच्या दिशेने वळवला.

"मंगळवारी दुसरा फटका बसला ना," तो म्हणाला, "त्यानंतर मी नुसते पावलांचे आवाज मोजत होतो."

प्रुएटने त्याच्या पलंगाचा गज धरला आणि ग्रासिएला कॉफी घेऊन येईपर्यंत तो तसाच धरून बसला.