एका नंबराला एकच तक्रार

याच खोलीत सासऱ्यांनी चाळीस वर्षं दवाखाना चालवला. घड्याळ भिंतीवर होतं, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. प्रत्येक पेशंटला ते दारापर्यंत सोडायला जात. "खरं दुखणं माणूस कडीला हात लावल्यावर सांगतो," असं ते आपल्या डॉक्टर सुनेला बजावत.

पुढे ते थकले, सून खुर्चीत बसली आणि दवाखाना सरकारी आरोग्य योजनेत गेला. आता माणशी सात मिनिटं आणि एका नंबराला एकच तक्रार. वेळ संपली की टेबलावरची घंटा वाजायची. हे नियम करणाऱ्यांनी जन्मात कुणाची नाडी धरली नसावी. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणतात. इथे ती डॉक्टरच्याच गळ्यात बांधली होती.

त्या सकाळी बावीस नंबरला सासरेच आत आले. घरात दुखण्यांचा विषय काढायचा नाही, हा त्यांचा जुना हट्ट.

"बाबा, तुम्ही? काय होतंय?"

"गुडघा. जुन्या दारासारखा कुरकुरतोय."

तिने गुडघा तपासला, गोळी लिहिली. पंख्याखालीही त्यांच्या कपाळावर घाम होता. तिला तो दिसला, पण तेव्हा ती संगणकाच्या पडद्यावरचे रकाने भरत होती. ते उठले, दाराशी गेले, कडीला हात लावून थांबले.

"आणि सूनबाई, पहाटेपासून जरा—"

घंटा वाजली. दिवसातून चाळीसदा म्हणायचं वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं. "दुसरी तक्रार असेल तर बाहेरून नवा नंबर घ्यावा लागेल."

लगेच तिने जीभ चावली. सासरे मात्र हसले. "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम."

तेवीस नंबरवाला त्यांना ओलांडून आत आला. संध्याकाळी घरी विचारू, असं तिने ठरवलं, तरी मन थाऱ्यावर येईना. मध्येच तिने बाहेर बसणाऱ्या मदतनीस बाईंना फोन लावला.

"बाबा गेले का घरी?"

"नाही, बाकावर बसलेत. डोळा लागलाय वाटतं."

"बसू देत. उन्हात नको जायला," ती म्हणाली. तिला तेवढ्यानेच बरं वाटलं.

तासाभराने तिने एकतीस नंबर पुकारला. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारला. माणूस आत येऊन कार्ड लावेपर्यंत पडद्यावर नाव उमटत नसे. मिनिट संपलं, तिथे 'गैरहजर' आलं आणि तिने सवयीने पुढचं बटण दाबलं.

बत्तीस नंबरची बाई आत आली, पण बसली नाही.

"डॉक्टर, माझ्या आधीचा नंबर त्या आजोबांचा होता. मी हलवलं त्यांना. उठत नाहीत."

ती धावली. बाकावर सासरे मान टाकून बसले होते. तिने मनगट धरलं, मग गळ्यावर बोटं ठेवली. हात गार पडले होते. मुठीत एकतीस नंबरची चिठ्ठी होती. तक्रारीच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: छातीत कळ, पहाटेपासून. एकच तक्रार.