जाळीच्या पडद्याची सावली

लाँड्रीवाल्याचा सगळा जीव पांढऱ्या चादरींत, आणि त्या जिथे वाळायच्या त्या परसबागेत ऐन मध्यावर तुतीचं झाड. पाखरं तुती खायची आणि चादरींवर जांभळं शिटायची. त्यात चादरी ज्या लॉजच्या, तिथला मॅनेजर तोंडाचा फाटका. "चादरी धुतोस की रंगवतोस?" असं त्यानं गिऱ्हाइकांसमोर विचारलं, तेव्हा लाँड्रीवाल्यानं दातओठ खाल्ले आणि मनातल्या मनात झाड तोडून टाकलं.

प्रत्यक्षात तोडायला आईची अडचण होती. तिची नजर कधीच विझलेली. माणसं दिसत नव्हती, ताटातलं दिसत नव्हतं. इथं उजेड आहे आणि इथं नाही, एवढंच कळायचं. रोज दुपारी ती तुतीखाली खुर्ची टाकून बसायची, दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून. पानांतून ऊन गळायचं, हातांवर कवडसे पडायचे, वारा आला की पळायचे. आई एकटीच हसायची.

"अरे, ये ना जरा. बघ कशी धावपळ चाललीय यांची."

"माझी चाललीय तेवढी पुरे आहे," म्हणून हा बादली उचलायचा.

म्हातारीचं खूळ, दुसरं काय! त्यानं एकदाही वाकून तिच्या हातांकडे पाहिलं नाही. धडधाकट डोळ्यांचाही माज असतो माणसाला.

आई ताईकडे राहायला गेली आणि त्यानं करवत काढली.

"अहो, आईंना विचारलंत का?" बायको दारात उभी.

"झाड लावताना तिनं मला विचारलं होतं?"

"तुम्ही पाळण्यात होतात."

"मग झालं तर."

संध्याकाळपर्यंत झाड आडवं. बुंधा जमिनीलगत कापून त्यावर त्यानं पाण्याची टाकी सरकवली. बाग नुसती झगझगीत झाली. मॅनेजर खूश, आणि हा शीळ घालत इस्त्री फिरवू लागला.

आई परतली. नेहमीची जागा पावलांनी चाचपत खुर्ची मांडली, तळवे उताणे ठेवले आणि बराच वेळ बसून राहिली.

"का रे, वारा पडलाय का आज?"

तो चादर पिळत होता. पिळता पिळताच म्हणाला, "हो ना. पान हलत नाहीये."

आईशी खोटं बोलताना आवाज काय गोड निघतो! एवढा गोड तो मॅनेजरशीही बोलत नसे. आणि मागे तारेवर चादरी शिडासारख्या फुगून फडाफड वाजत होत्या. जन्मभर तो आवाज ऐकलेला, त्यामुळे याच्या कानात शिरलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं, यानं तेच सांगितलं. त्यानंतर तिनं विचारलं नाही. तोंडावर रखरखीत ऊन घेऊन गप्प बसायची. हा ताट अर्धं ठेवून उठायचा.

"सांगून टाका एकदाचं," बायको म्हणाली. "का मी सांगू?"

"जीभ उचलत नाही गं."

"करवत बरी उचलली."

मग त्यानं डोकं चालवलं, आणि ते चालून चालून गेलं कुठे, तर कपड्यांच्या गाठोड्यापर्यंत. एका गिऱ्हाइकाचा पडदा धुवायला आला होता, जाळीचा, फुलापानांच्या विणीचा. आई यायच्या आधी त्यानं तो खुर्चीच्या जागेच्या वर, दोन तारांच्या मध्ये, छतासारखा ताणून चिमटे लावले.

आई आली, बसली. उताण्या तळव्यांवर कवडसे सांडले. तिनं बोटं पसरली. आणि कधी न थांबणारा हा माणूस खुर्चीपाशी उकिडवा बसला, आणि त्यानं पाहिलं.

तळव्यांवरच्या रेघांमधून उजेडाचे तुकडे सरकत होते. वारा आला की एकमेकांत शिरत, मनगटावर चढत, घसरून परत येत. दोन फुलांच्या सावल्या एकमेकींवरून गेल्या की मधली जागा गडद होई आणि बाजूचं सुरकुतलेलं कातडं आतून दिवा लावल्यासारखं उजळे. रोज, आपल्या हातभर अंतरावर हे चाललं होतं. आणि ही तर यंत्रावर विणलेली फुलं. खरी पानं काय करत असतील? त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बसलास वाटतं," आई म्हणाली.

"हं."

"छान आहे ना?"

"छान आहे." तरी सवय जाईना. "आज वारा सुटलाय ना, म्हणून."

"वारा रोजच सुटतो. चादरी केवढ्या वाजतात! डोळे गेलेत माझे, कान नाही."

त्यानं मान खाली घातली.

"आले त्याच दिवशी कळलं. ओल्या लाकडाचा वास बागभर होता. म्हटलं, विचारून तर बघू, पोरगा काय सांगतो."

"आई..."

"कापलंस ते कापलंस. तुझा धंदा आहे, मला का कळत नाही? आधी सांगितलं असतंस, तर शेवटची एक दुपार नीट बसून घेतली असती."

त्यानं बुंध्यावरच्या टाकीकडे पाहिलं.

"आता हे वरचं काढ, काय असेल ते. लोकांचं असणार. उन्हात विटलं तर पुन्हा बोलणी खाशील."

तो उठला. चिमटे काढायला हात वर केले, तर कवडसे त्याच्याच तोंडावर, छातीवर नाचू लागले. पुसून टाकता येत नव्हते. चिमटे निघत गेले, पडदा एका बाजूनं लोंबला, मग हातात आला. आईच्या हातांवर सगळं एकदम पांढरं झालं.

तिनं तळवे पालथे केले.